उलट बाजू

शाळेतून आल्यावर आमची लेक बूट नंतर काढते, आधी शर्ट काढते. दप्तर उंबऱ्यात, एक बाही निघालेली, दुसरी कोपरात अडकलेली आणि वरचं बटण सोडवायला धीर नाही म्हणून कॉलरमधून डोकं ओढून काढताना लालबुंद झालेले कान. मग ती फरशीवर उताणी पडते आणि थंड फरशीला पाठ टेकली की डोळे मिटते. पहिले चार दिवस आम्हाला वाटलं, शाळाच आवडत नसावी. पाचव्या दिवशी हिनं तिचे केस वर करून मान बघितली. कॉलरच्या कडेकडेनं एक लाल रेघ उमटली होती, पट्टी धरून आखल्यासारखी.

"काय झालं गं शाळेत?"

"काही नाही. शर्ट चावतो."

चप्पल चावते हे ठाऊक होतं. शर्टही चावतो, ही भर नवी.

कापड कसलं आहे ते बघावं म्हणून मी शर्ट उलटा केला, तर ती माहितीची पट्टीच जागेवर नव्हती. कापडात काय काय आहे हे ज्या चिटुकल्या पट्टीवर छापलेलं असतं, ती मानेला टोचते म्हणून पहिल्याच दिवशी मीच कात्रीनं उडवली होती. शिवणीत अडकलेला तिचा खुंट मात्र शिल्लक होता, बोट फिरवलं तर करवतीसारखा. माहिती गेली होती आणि टोचणी राहिली होती.

माझ्या आईला पट्टीची गरज नव्हती. तिनं शर्टाचं टोक अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं, "यात सूत थोडंच आहे" असा निकाल दिला आणि माझा चेहरा बघून पुरावा द्यायचं ठरवलं. शर्टाच्या आतल्या दुमडीतून दोन धागे, जुन्या सुती चादरीचे दोन धागे, केस उपटायचा चिमटा आणि मेणबत्ती. चादरीचा धागा भुर्रकन पेटला, कागद जळल्याचा वास आला आणि राख फुंकरीनं उडाली. शर्टाचा धागा ज्योत जवळ येताच अंग चोरून मागे सरला, मग पेटला आणि जळता जळता त्याच्या टोकाला काळा, बारीक मणी धरला. गार झाल्यावर आईनं तो नखांत दाबून दाखवला. फुटला नाही. लेकीला हा प्रकार इतका आवडला की तिनं स्वतःच्या लोकरी टोपीचाही एक धागा आणून दिला. तो जळताना केस जळल्याचा वास आला आणि ज्योत बाजूला घेतल्यावर तो आपोआप विझला. मग ती पडद्यांकडे वळली, तेव्हा आम्ही प्रयोगशाळा बंद केली.

तर शर्टात सूत होतं, पण पाहुण्यासारखं. गणवेशाच्या शर्टाच्या कापडात 65 टक्के पॉलिएस्टर आणि 35 टक्के सूत हे प्रमाण चांगलंच रुळलेलं आहे. आमच्या पिढीनं याला टेरिकॉट म्हटलं आणि अभिमानानं घातलं. 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी हा पॉलिएस्टरचा धागा शोधला, त्याला टेरिलीन नाव मिळालं आणि त्यात कॉटन मिसळल्यावर टेरिकॉट. शाळेचा गणवेश मात्र याहून कितीतरी जुना. 1552 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतली मुलं आजही लांब निळा डगला आणि पिवळे मोजे घालतात. म्हणजे मुलांना एकसारखं दिसायला लावण्याची हौस साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. त्या एकसारखेपणाला घडी न मोडणारं कापड मिळालं, ते अगदी अलीकडे.

टेरिकॉटला मी शिव्या घालणार नाही. ते रात्री पिळून टाकलं की सकाळी कोरडं असतं. आटत नाही, विटत नाही, इस्त्रीवाचून निभतं. ज्या घरात शर्ट दोन, मूल एक आणि सकाळी वेळ अर्धा तास, तिथे या गुणांची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे. माझी अडचण एवढीच, की हे सगळे गुण शर्ट धुणाऱ्याच्या, वाळवणाऱ्याच्या आणि लांबून बघणाऱ्याच्या सोयीचे आहेत. आत बसून सहा तास काढणारीला कोणी विचारलेलंच नाही.

तिची तक्रार काय असते, ते समजून घ्यायला पाण्याचा हिशोब बघावा लागतो. 100 ग्रॅम कोरडं सूत साध्या हवेत नुसतं ठेवलं तरी सात-आठ ग्रॅम ओलावा पिऊन बसतं आणि हाताला तरीही कोरडंच लागतं. लोकर तर याच्या दुप्पट पिते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. मैदानावरून आलेल्या मुलीच्या पाठीवरचा घाम मग कापडात शिरत नाही, कातडी आणि कापड यांच्यामध्ये चिकटून राहतो. आता कोणी म्हणेल, खेळाडूंचे कपडेही पॉलिएस्टरचेच असतात की! असतात, पण ते विरळ विणीचे, ताणले जाणारे, घाम बाहेर ओढून नेण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या धाग्याचे. गच्च विणीच्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टाचं काम वेगळं.

सुती शर्ट घ्यायचा, हे ठरवणं सोपं होतं. मग मी दुकानं फिरलो आणि 'कॉटन' या शब्दाला किती शेपट्या असतात ते कळलं. कॉटन मिक्स. कॉटन रिच. कॉटन टच. एके ठिकाणी 'कॉटन फील' असंही मिळालं, म्हणजे कॉटनची नुसती आठवण. एका विक्रेत्यानं बांबूचं कापड पुढे केलं, "एकदम नॅचरल, साहेब." हात लावला तर खरोखर लोण्यासारखं. पण बांबूचं म्हणून जे मऊ कापड मिळतं, ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं. लगदा रसायनांत विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून ढकलून त्याचा पुन्हा धागा करायचा. कापड म्हणून वाईट नाही, घामही पितं, फक्त त्यात बांबूचं असं फारसं काही उरलेलं नसतं. मी शर्टाच्या आतल्या पट्ट्या वाचत राहिलो. या खेपेला कात्री घरी ठेवून गेलो होतो.

शर्ट अखेर मिळाला, शंभर टक्के सुती पॉपलिनचा. स्कर्टनं मात्र दमवलं. गणवेशाच्या जाड चौकटीच्या कापडात सूत शोधायला जावं, तर तिथे पॉलिएस्टरबरोबर फार तर व्हिस्कोस भेटतं. शिवाय रंगाची धास्ती. शाळेचा ठरलेला निळा एकच, आणि सुताचा गडद निळा धुण्यागणिक थोडा थोडा उतरत जातो. मी शाळेतून मिळालेला नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. त्यात शर्टाचा रंग होता, चौकटीचा आकार होता, मोजे गुडघ्याच्या किती खाली हे होतं, रिबिनीची रुंदीसुद्धा होती. कापडाबद्दल चकार शब्द नव्हता. वर्गशिक्षिकांना भीत भीत विचारलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "रंग तोच असला म्हणजे झालं. कापडाचं आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही हो." इतके दिवस ज्या भिंतीवर डोकं आपटायची तयारी करत होतो, ती भिंत मुळात नव्हतीच.

आनंदाच्या भरात मी नवा सुती शर्ट चांगल्या कडकडीत पाण्यात धुतला. मशीनमध्ये पिळला, वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या अंगात तो पोटापर्यंतच आला. सूत कातताना, विणताना धागा ताणून धरलेला असतो. पाणी मिळालं की तो अंग सैल सोडतो आणि कापड आखूड होतं. हे आधीच करून घेण्याची यांत्रिक युक्ती सॅनफर्ड क्लुएट या माणसानं 1930 च्या सुमारास काढली, म्हणून तसं कापड 'सॅनफोराइज्ड'. आमच्या शर्टाच्या नशिबी ते नसावं. इकडे मुलगी वाढत होती, तिकडे शर्ट आटत होता. दोघांची गाठ पडायची ती एकाच दिवसाची होती, तीही मी चुकवली.

तिथून पुढे आम्ही तागा घेऊन शिंप्याकडे जायला लागलो. शिंपीकाकांनी कापड हातात घेतल्या घेतल्या परत दिलं. "आधी रात्रभर भिजवा, वाळवा, मग आणा. आणि आत दीडेक इंच जास्तीचं ठेवू ना? पोर आहे, वाढेल." नंतर त्यांनी चावणारा जुना शर्ट मागितला. तो घेऊन लेक स्वतःच पुढे झाली आणि त्यांना म्हणाली, "मी वर्गात हा उलटा घातला होता. बाईंनी सरळ करायला लावला."

हे आम्हाला नवीन होतं. मी हिच्याकडे बघितलं, हिनं माझ्याकडे.

"उलटा का गं घातलास?"

"मग तो बाहेरच्यांना चावतो."

शिंपीकाका हसले नाहीत. त्यांनी शर्ट उलटा करून दिव्याखाली धरला, खरा शर्ट आम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितला. बाहेरून एक सुरकुती नाही आणि आत सगळा पसारा. खांद्याच्या शिवणीवर ओव्हरलॉकचा जाड कठडा, त्याचे नायलॉनसारखे ताठ धागे टोकाशी तुटून उभे राहिलेले. काखेत चार शिवणी एकत्र येऊन झालेली गाठ. खिशाच्या मागे शाळेच्या बिल्ल्याचं भरतकाम, पुढून सुबक, मागून घासणी. कॉलरच्या पोटात बकरम, इतकं कडक की कॉलर दुमडली तर टक्क आवाज व्हावा. "कापडावर काय राग काढता," काका म्हणाले, "हे बकरम आणि ही शिवण असेल तर मलमलसुद्धा चावेल."

इतके दिवस मी टक्केवारीच्या मागे धावत होतो. ती चूक नव्हती, पण ते अर्धंच होतं. काकांनी जे केलं ते सांगतो, कारण कोणताही शिंपी ते करू शकतो. शिवणीच्या कडा आत दुमडून वरून दुसरी टीप मारली, म्हणजे उघडं टोक कुठेच राहिलं नाही. कॉलरमध्ये बकरमऐवजी त्याच कापडाचा एक पदर घातला. बिल्ल्याच्या मागे मऊ सुती तुकडा लावला. स्कर्टच्या कमरेला नुसतं इलॅस्टिक न ठेवता ते कापडाच्या घडीत बसवलं. स्कर्टचं कापड शेवटी मिश्रच घ्यावं लागलं, पण आतून सुती अस्तर आलं आणि मांड्यांना लागणारी बाजू तरी आमची झाली. याला तडजोड म्हणायचं तर म्हणा. सगळं नैसर्गिकच पाहिजे असा हट्ट धरला असता, तर पोर वर्षभर बिनस्कर्टची शाळेत गेली असती. शिवायचा दोराही पॉलिएस्टरचाच होता, हे काकांनी आपणहून सांगितलं. सुती दोरा मुलांच्या ओढाताणीत टिकत नाही म्हणे. मी मान डोलावली.

आता घरात इस्त्रीचं राज्य आहे. सुती शर्ट दोरीवरून उतरतो तो कुणीतरी चुरगळून फेकलेल्या पत्रासारखा. सुरकुती न पडणारं सूत मिळत नाही असं नाही. रूथ बेनेरिटो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बाईंचं त्या कामात मोठं नाव आहे. सुताच्या रेणूंच्या साखळ्यांना आडवे टाके घालून ठेवायचे, की घडी मोडत नाही. पण अशा प्रक्रियेत सुताची ताकद थोडी जाते आणि त्यासाठी वापरलेल्या काही रसायनांतून फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं, म्हणून असं कापड अंगात घालण्याआधी धुऊन घेतलेलं बरं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. पाण्याचा शिडकावा, गरम इस्त्री, आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. सकाळची दहा मिनिटं माझी गेली. मधल्या सुट्टीपर्यंत ते सगळं पुसलं जातं, हे वर्गाच्या फोटोत स्पष्ट दिसतं. बाकीची मुलं कडक घडीत उभी आहेत आणि दुसऱ्या रांगेत आमची, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. हसतेय मात्र सगळ्यांत मोठ्यानं. ते शर्टामुळे असेल असं नाही. तिचा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला होता.

आतेबहिणीचा जुना शर्ट आला, तो आणखी निराळा. दोन वर्षं धुऊन धुऊन कापड विरायला आलेलं, कॉलर मऊ पडलेली, खिशाच्या कोपऱ्यात न गेलेला शाईचा ठिपका. लेकीनं नवे दोन बाजूला ठेवून तोच उचलला. काल संध्याकाळी ती तो घालून आली, बूट काढले, दप्तर ठेवलं, चित्र काढत बसली. शर्ट अंगात आहे हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. जेवताना राहिलं नाही, नंतर गोष्ट ऐकतानाही नाही. ऐकता ऐकता ती तशीच झोपली, कॉलर गालाखाली घेऊन.

ही बराच वेळ दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"नवे दोन्ही मघाशीच भिजवलेत मी," ती हळूच म्हणाली, "आणि सुती रात्रीतून वाळत नाही. आता हा काढू कसा, धुऊ कधी आणि सकाळी तिला घालू काय?"