सवाईईतलं 'आपण' आणि 'आम्ही'

सामोआची राजधानी आपिया दोन दिवस पावसातच पाहिली, म्हणजे पाहिलीच नाही. तिसऱ्या दिवशी मुलिफानुआहून फेरीबोट पकडली आणि तासाभराने सवाईई बेटावर सालेलोलोङाला उतरले. नकाशावर हे नाव रोमन 'जी' घालून लिहितात, पण सामोअन भाषेत तो 'जी' म्हणजे आपला ङ. आपण तो वर्णमालेत नुसता घोकला, त्याने सुरू होणारा एक शब्द मला आठवत नाही. इथे 'भाषा' हाच शब्द ङाङाना!

मुक्काम समुद्रकाठच्या फालेत होता. फाले म्हणजे खांबांवर छप्पर, भिंती नाहीत, पाऊस आला तर झावळ्यांचे पडदे सोडायचे. फोटोत सुंदर दिसतं. पहिल्या रात्री मी तीनदा उठून पासपोर्ट चाचपला, आणि पहाटे तीनला कोंबडे सुरू झाले.

सालेआऊलाला लाव्हा पाहिला. माटावानू ज्वालामुखी 1905 ते 1911 धुमसत होता आणि गावंच्या गावं गिळून गेला. चर्चमध्ये शिरलेला लाव्हा तिथेच थिजलाय. आपला सह्याद्रीचा कातळही असाच ओतलेला, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा. हा माझ्या पणजीच्या वयाचा, अजून चकाकतो.

शनिवारी तिन्हीसांजेला गावातून रमतगमत परतत होते. शंख वाजला. लाव्हालाव्हा, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसलेला एक माणूस रस्त्यात उभा राहिला आणि हातानेच म्हणाला, बस. ही 'सा', घरोघरच्या प्रार्थनेची वेळ. तेवढा वेळ रस्त्यावर फिरायचं नाही. मुकाट दगडावर बसले. चारी बाजूंनी घरातली गाणी ऐकू येत होती, आणि डास मला फोडून खात होते. भक्तिभाव वगैरे काही दाटून आला नाही.

परतल्यावर मालकीणबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, उद्या 'काकोऊ' चर्चला जायचं. माझ्या पुस्तकात काकोऊ नव्हतं, 'तातोऊ' होतं. मग कळलं, चर्चमध्ये, शाळेत 'त' आणि घरात त्याचाच 'क'. अर्थ? ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे. त्याला वगळायचं तर 'मातोऊ', घरात 'माकोऊ'. शेजारच्या फालेतल्या इंग्रज जोडप्याला हे काही केल्या उमगेना, दोन्हीला त्यांचं 'वी' एकच. मला समजावून घ्यावंच लागलं नाही: आपण आणि आम्ही! त्या 'आपण'वर मी रात्रभर खूश होते. त्या रात्री पासपोर्टही चाचपला नाही.

रविवारी चर्चनंतर जेवण. उमूतल्या, म्हणजे तापल्या दगडांवरच्या पदार्थांत पालुसामी होती: अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध बांधून भाजलेली. पान माझ्या एकटीपुढे आलं. मी चटईवर हात मारून म्हटलं, काकोऊ! सगळे बसा ना. बाई हसून म्हणाल्या, माकोऊ नंतर. पाहुण्यांचं आधी.

एका रात्रीत मी 'आपण'मधून बाहेर. राग आला, आणि लगेच लाजही वाटली, कारण कोकणात आजी हेच करायची. पंगती उठल्याशिवाय ती कधी जेवली नाही, आणि तिला बस म्हणणारं आमच्यात कोणी नव्हतं.

बाई समोर बसून विणलेल्या पंख्याने माशा वारत राहिल्या. मी संकोचाने भराभर खात होते, त्यामुळे त्यांना वाटलं आवडलंय. आणखी एक पालुसामी वाढली. आवडलं होतंच म्हणा. चिंच नाही, आमसूल नाही, तरी घसा जराही खवखवला नाही.