एक लाखाचा फर्नेस

तक्रार एका ओळीची होती: महागातला मॉड्युलेटिंग फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) बसवून दोन हिवाळे झाले, तरी वरच्या खोल्या थंड त्या थंडच. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधलं 1980 च्या दशकातलं दुमजली घर, जानेवारी महिना, बाहेर उणे 10 सेल्सिअस. काकू स्वेटरवर शाल गुंडाळून उभ्या. हॉलमधला थर्मोस्टॅट 22 दाखवत होता, वरच्या मागच्या बेडरूममध्ये माझा थर्मामीटर साडेसतरा.

सकाळी साडेसहाची वेळ मीच मागून घेतली होती. ऊन वर आलं की खिडक्यांतून फुकटची उष्णता येते आणि हिशेब बिघडतो. वॉटर हीटर बंद करायला लावला आणि तासभर गॅस मीटर वाचला. त्या तासात फर्नेस चार वेळा पेटला, दर वेळी साधारण साडेचार मिनिटं. म्हणजे 18 मिनिटं जळाला आणि 42 मिनिटं गप्प. गॅस गेला 0.83 घनमीटर.

हे 18 मिनिटांचं गणित मॉड्युलेटिंग फर्नेसला शोभत नाही. साधा फर्नेस पूर्ण पेटतो नाहीतर बंद असतो. दोन टप्प्यांचा असेल तर खालच्या टप्प्यावर साधारण 65-70 टक्के. मॉड्युलेटिंगमध्ये गॅस व्हॉल्व्ह साधारण 40 टक्क्यांपासून 100 पर्यंत बारीक पायऱ्यांनी सरकतो, आणि त्याच्या तालावर धूर बाहेर ढकलणारा इन्ड्युसर आणि घरात हवा फिरवणारा ब्लोअर वेग बदलतात. घर जेवढी उष्णता गमावतं तेवढीच भरून द्यायची, आणि ती सलग. थोडी कोमट हवा तास तास वाहत राहिली की वरच्या आणि खालच्या मजल्याची हवा मिसळते. काकूंनी दोन वाक्यांतच ओळखलं, "म्हणजे गॅस सिमवर ठेवायचा." बरोबर. फक्त या घरात सिमवर तो कधी गेलाच नव्हता.

फर्नेसचं दार काढून दाब मोजणारा मॅनोमीटर लावला. गॅसचा दाब 3.5 इंच वॉटर कॉलम (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), म्हणजे पूर्ण आग. पुढच्या वेळी पेटला तेव्हाही 3.5. कंट्रोल बोर्डाकडे टॉर्च मारला तर डब्ल्यू-1 आणि डब्ल्यू-2 या दोन स्क्रूंमध्ये बोटाच्या पेराएवढा लाल वायरचा तुकडा, जम्पर. या बोर्डवर दोन्ही टोकांना एकदम वीज आली की त्याचा अर्थ एकच: थेट 100 टक्के. फर्नेससोबत आलेला थर्मोस्टॅट काकूंच्या मुलानं काढून त्या जागी फोनवरून चालणारा लावला होता. त्याला नुसतं "पेट" आणि "विझ" सांगता येतं, "किती पेट" ते सांगता येत नाही. तो बसवताना कुणीतरी सोपं पडावं म्हणून जम्पर मारला. मूळ थर्मोस्टॅट चार वायरींवरून बोर्डाशी बोलतो आणि मागणी टक्क्यांत पाठवतो.

चारपैकी दोन वेळा तर फर्नेस थर्मोस्टॅटनं नव्हे, अति तापला की आग बंद करणाऱ्या लिमिट स्विचनं विझवला होता. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांतला फरक पाटीवर 35 ते 65 अंश फॅरनहाइट दिलेला, मला मिळाला 78. कारण हवा कमी. डक्टमधला (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळातला) स्टॅटिक दाब 0.95 इंच, पाटीवरची कमाल मर्यादा 0.5. त्यातले 0.28 इंच एकटा फिल्टर खात होता: एक इंच जाडीचा, मर्व्ह 13 (मर्व्हचा आकडा मोठा तितकी जाळी बारीक), कुणीतरी "उत्तम प्रतीचा" म्हणून आणलेला. एक इंचात एवढी बारीक जाळी म्हणजे नाकावर उशी. लिमिट असा रोज उडत राहिला की हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे आग आणि घरातली हवा यांच्यामधला, पत्रा थकतो, पुढे तडा जातो, आणि मग प्रश्न थंडीचा राहत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा होतो. एक्स्चेंजर तपासला, सुदैवानं शाबूत होता.

मूळ दुखणं मात्र वेगळंच होतं. एका घनमीटर गॅसमध्ये साधारण 36,000 बीटीयू (उष्णतेचं माप). 0.83 घनमीटर, 97 टक्के कार्यक्षमता, म्हणजे घराला तासाला जवळपास 29,000 बीटीयू लागले, तेही आतबाहेर 32 अंशांचा फरक असताना. अंशाला साधारण 900. बाहेर उणे 20 झालं तर फरक 42 अंश, गरज 38,000. फर्नेसच्या पाटीवर तासाला 1,00,000 बीटीयू. त्याची सर्वांत मंद आच 40 टक्के, आणि ती घरात देते 38,800 बीटीयू! उणे 20 च्या कडाक्याच्या रात्रीसुद्धा या घराला त्याची मंद आच पुरते. उरलेली 60 टक्के धाव त्याला जवळजवळ कधीच लागणार नाही.

असं का झालं ते बेसमेंटमध्येच कळलं. काकूंनी जुन्या फर्नेसच्या पाटीचा फोटो जपून ठेवला होता: 1,00,000, कार्यक्षमता 80 टक्के. विकणाऱ्यानं तोच आकडा उचलला. मधल्या काळात खिडक्या बदलल्या होत्या, माळ्यावर इन्सुलेशन वाढलं होतं, हे त्यानं विचारलंच नाही. कॅनडात यासाठी सीएसए एफ-280 नावाची खोलीवार हिशेबाची पद्धत आहे. अर्ध्या दिवसाचं काम, पण ते केलं तर छोटा फर्नेस विकावा लागतो. इथं 60,000 चा बसवला असता तर त्याची मंद आच 23,300 ची झाली असती आणि उणे 4 च्या खाली तो न थांबता चालला असता.

असो. आहे तो फर्नेस फेकता येत नाही. मूळ थर्मोस्टॅट बेसमेंटच्या फळीवर भाजणीच्या डब्यामागे खोक्यात सापडला. जम्पर काढला, चारही वायरी जोडल्या, फिल्टर तात्पुरता मर्व्ह 8 टाकला. फर्नेस जरा मोठ्या आचेवर पेटला (पेटताना तसाच पेटतो) आणि मग मॅनोमीटरचा आकडा उतरत उतरत 0.56 वर स्थिरावला. दाब सहाव्या हिश्श्यावर आला तरी गॅस 40 टक्के जातो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळानं बदलतो. नवशिक्यांना हा आकडा बघून व्हॉल्व्ह बिघडला असं वाटतं. ब्लोअरचा आवाज जवळजवळ गेला, हवेतला फरक 48 अंश फॅरनहाइटवर आला.

चहा झाला. वीस मिनिटांनी फर्नेस बंद पडला.

बोर्डवर प्रेशर स्विचचा कोड (धुराची वाट मोकळी नसेल तर हा स्विच फर्नेस थांबवतो). काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. फर्नेस आधी चालत होता, आता बंद, म्हणजे बिघाड मी केला, हे दिसायला अगदी सरळ. पण मंद आचेवर इन्ड्युसरही मंद फिरतो आणि धुरातलं पाणी जास्त सुटतं. पीव्हीसीच्या धूरनळीला दर फुटामागे पाव इंच उतार फर्नेसकडे हवा, म्हणजे ते पाणी ट्रॅपमधून गटारात जातं. इथं नळीचा एक पट्टा सुटलेला, मधे पोट आलेलं आणि त्यात पाणी साठलेलं. पूर्ण वेगात इन्ड्युसर त्या पाण्यावरून धूर रेटून नेत होता, त्यामुळे दोन वर्षं ते झाकलं गेलं. कान लावला तर गुळगुळ आवाज स्पष्ट येत होता. नळी उचलून दोन नवे पट्टे मारले, जवळपास अर्धा लिटर पाणी बादलीत आलं, ट्रॅप धुतला.

पुन्हा तासभर मीटर. या वेळी फर्नेस दोन खेपांत मिळून 45 मिनिटं चालला. गॅस तेवढाच, 0.83. मागच्या बेडरूममध्ये दुपारपर्यंत साडेवीस.

"मग बिल?" काकूंनी विचारलं.

"बिल तेवढंच येईल, काकू. घर जेवढं गमावतं तेवढं द्यावंच लागतं."

हे त्यांना फारसं आवडलं नाही. रात्री 22 चं 17 करायची सवयही सोडायला सांगितली, फार तर दोन अंश उतरवा. नाहीतर पहाटे पाच अंश चढवायला हा पुन्हा पूर्ण पेटणार आणि अरुंद डक्टमध्ये लिमिटवर जाणार. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरून हवा फर्नेसकडे परत आणणारा एक नवा रिटर्न डक्ट आणि चार इंची फिल्टरची पेटी टाकायचं ठरलं.

निघताना प्लेनमच्या (फर्नेसला जोडलेल्या हवेच्या पेटीच्या) पत्र्यावर मार्करनं मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलं: उणे 20 ला 38,000. पुढचा फर्नेस विकायला जो येईल त्याच्यासाठी.