तुम्ही विचारलंत म्हणून: ते प्रथिन टोचत का नाहीत?

लग्नाच्या पंगतीत, कॉलेज रोडवर, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांकडून मला एकच प्रश्न येतो. चेतापेशीला जगवणारं एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हे प्रथिन १९५० च्या दशकातच सापडलं, १९८६ साली त्याला नोबेलही मिळालं. मग आमच्या आईच्या पार्किन्सनवर, वडिलांच्या बधिर पायांवर असलं काही टोचत का नाहीत? थोडक्यात उत्तर दिलं की मी टाळतेय असं वाटतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

टोचून पाहिलंय. मधुमेहाने खराब झालेल्या नसांसाठी एनजीएफ कातडीखाली देण्याची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००० साली छापून आला. फायदा दिसला नाही. टोचल्या जागी दुखलं मात्र, कारण वेदना वाहून नेणाऱ्या नसांवरही त्याचाच ग्राही, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं प्रथिन, असतो. स्वीडनमध्ये अल्झायमरच्या तीन रुग्णांना मेंदूच्या पोकळीत नळीने दिलं, तर पाठ दुखू लागली, वजन घटलं.

घोळ होतो तो एनजीएफला खुराक समजल्यामुळे. खुराक मिळाला नाही म्हणून पेशी मरते, तर भरपूर द्या, असा हिशेब. तो का चुकतो, हे प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये दिसतं.

पांढऱ्या उंदराच्या नवजात पिल्लाच्या मानेतली वरची सिंपथेटिक गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, काढायची, पेशी सुट्या करायच्या, कोलॅजेन लावलेल्या डिशमध्ये मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम एनजीएफ घालून वाढवायच्या. सोबत विभाजन रोखणारं औषध द्यायचं, नाहीतर आधारपेशी माजतात आणि मोजणी त्यांचीच होते. पाच-सहा दिवसांत तंतूंचं जाळं तयार. मग एनजीएफ काढून घ्यायचं. नवी मुलं इथेच फसतात. नुसतं माध्यम बदलून भागत नाही. कोलॅजेनला चिकटलेलं एनजीएफ उरतं आणि पेशी खुशाल जगतात. दोन-तीनदा धुऊन एनजीएफविरोधी अँटिबॉडी घालावी लागते. धुताना पिपेटचा जोर जास्त झाला तर अख्खं जाळं उचकटून वर येतं.

पहिले काही तास सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. आत मात्र एनजीएफचा ट्रक-ए (TrkA) ग्राही गप्प झालेला असतो आणि त्याचा निरोप पेशीत पुढे नेणारी पीआय-३ कायनेज–एक्ट ही प्रथिनांची साखळी ढिली पडते. एक्ट चालू असतं तेव्हा ते बॅड या मारक प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याला बाजूला बसवतं आणि मारक जनुकं चालू करणाऱ्या फॉक्सओला केंद्रकाबाहेर ठेवतं. तो धाक सुटतो. ताणाचा इशारा देणारं जेएनके जागं होतं, जनुकं चालू करणारं सी-जुन वाढतं, पेशी बिम नावाचं मारक प्रथिन नव्याने बनवायला घेते. अठरा ते चोवीस तासांच्या सुमारास बॅक्स हे भोकं पाडणारं प्रथिन तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रियांवर) जाऊन बसतं, त्यांच्यातलं सायटोक्रोम-सी बाहेर गळतं, आधी कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही पेशीतली प्रथिनं तोडणारी विकरं कामाला लागतात. तंतूंवर गाठी येतात. ४८ तासांत बहुतेक पेशी संपलेल्या असतात.

१९८८ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने याच पेशींचं एनजीएफ काढलं आणि सायक्लोहेक्झिमाइड देऊन प्रथिनं बनवणंच बंद केलं. उपासमार असती तर पेशी लवकर मरायला हव्या होत्या. त्या जगल्या! मरायलासुद्धा पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागत होती. मृत्यूची तयारी आत असतेच. एनजीएफचा निरोप तिला रोखून धरतो.

आणि हा निरोप मिळतो तंतूच्या टोकाशी. पायाच्या बोटापासून कमरेजवळच्या गुच्छिकेपर्यंत अंतर मीटरभर. ग्राहीसकट एनजीएफ एका पिशवीत बंद होतं आणि डायनीन हे ओझं वाहणारं प्रथिन ती सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर ओढत नेतं, म्हणजे सहा ते बारा दिवसांचा प्रवास. मधुमेहात ही वाहतूकच बिघडते. रक्तात टोचलेलं एनजीएफ मेंदूत जवळपास शिरत नाही. त्याचंच अपक्व रूप, प्रोएनजीएफ, पी-७५ या दुसऱ्या ग्राहीवर बसलं तर पेशीला मारतं. बागायतदारांना हे द्राक्षांवर फवारायच्या जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढ-संजीवकावरून पटतं: फुलोऱ्याआधी १०-१५ पीपीएम, मणी धरल्यावर ४० च्या आसपास, वेळ चुकली की तेच औषध घड बिघडवतं.

जागा साधते तिथे काम होतं. बुबुळावरच्या पारपटलाच्या नसा मेल्या असतील तर एनजीएफचे थेंब आहेत, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेले: दर दोन तासांनी, दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. पार्किन्सनसाठी जीडीएनएफ नावाचं दुसरं प्रथिन थेट मेंदूच्या पुटामेन भागात सोडलं गेलं. ब्रिस्टलमध्ये पहिल्या पाच रुग्णांत सुधारणा दिसली, पुढच्या तुलनात्मक चाचण्यांत ती टिकली नाही. मेडिकलमधल्या ‘नसांच्या’ गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा मिथाइलकोबालामिन, बी-१२. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं, पण ते एनजीएफच्या जातीचं काही नव्हे.

पूर्वी मी वर्गात ठासून सांगायचे, बॅक्स रोखा, पेशी वाचली. आता जीभ अडखळते. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या आजाराच्या उंदरांत बॅक्सचं जनुक काढलं, तर कण्यातल्या पेशी उरल्या, पण स्नायूवरची त्यांची टोकं सुटतच गेली. अक्षतंतूचा, म्हणजे पेशीच्या लांब तंतूचा, वेगळा मारेकरी आहे, सार्म-१. त्याला आवरणारं एनमनॅट-२ हे प्रथिन अल्पायुषी, पेशीकडून सतत पोचावं लागणारं. तरीही आधी पेशीचं शरीर वाचवावं असं मला वाटतं: बॅक्स नसलेली पेशी एनजीएफविना आक्रसते, पण ते परत दिलं की सावरते, आणि हातापायांतला तंतू पुन्हा फुटू शकतो. मेंदूत आणि कण्यात तो फारसा फुटत नाही, हे आधी तंतू वाचवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मात्र मला अजून खोडता आलेलं नाही.