कडप्प्यात मुरलेलं तेल आणि आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने आहेत, आणि फाउंड्री म्हटली की पॅटर्न शॉप आलंच. मी तिथं लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचे नमुने बनवायचो. झिजलेली कड पुन्हा उभी करायला, भेगा भरायला इपॉक्सी रोज हातात असायचं; रेझिन आणि हार्डनर हे त्याचे दोन भाग मिसळले की ते कडक होतं. रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलून घ्यायचं, भांड्याच्या कडेला न मिसळलेलं काही ठेवायचं नाही, मिश्रण तापून घट्ट व्हायच्या आत संपवायचं. ही शिस्त तिथंच अंगवळणी पडली. 2020 च्या लॉकडाऊननंतर काम मंदावलं, तेव्हा तिच्याच जोरावर आम्ही दोघा भावांनी स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्यांवरच इपॉक्सीचा थर ओतून ते नवे करून द्यायला सुरुवात केली.

शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या जुन्या घरांत ओट्यावर बहुतेक काळा कडप्पाच. हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, ताक सांडत गेलं की पॉलिश उडतं, पांढुरके डाग पडतात. सांध्यातलं व्हाइट सिमेंट निघतं आणि झुरळांना घर मिळतं. फोडायला काढावं तर मागच्या टाइल्स जातात, सिंकचा पाइप हलतो, घरभर धूळ. "ओटा न फोडता होतं म्हणताय?" हा प्रश्न प्रत्येक घरी पहिला. होतं. पण वरचा चकचकीत थर सगळ्यांना दिसतो, आमचं खरं काम त्याच्या खाली असतं.

शेगडीच्या बाजूचा हातभर भाग घ्या. वर्षानुवर्षं फोडणीचं तेल उडून दगडात मुरलेलं असतं. वरून पुसलं की स्वच्छ दिसतं, पण पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा उभा राहतो. थेंब पसरून दगड ओला दिसेपर्यंत आम्ही इपॉक्सीचा डबा उघडत नाही. आधी डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण लावून घासायचं, गरम पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, मग 80 नंबरच्या सँडपेपरनं खरवडायचं. घासल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं, म्हणून पुन्हा धुवायचं. तेल राहिलं तर प्रायमर, म्हणजे सगळ्यात खालचा पहिला थर, त्या जागेवरून मागं सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. ग्राहक म्हणतात, एवढा वेळ नुसतं धूतच बसलाय. बसतो. त्या बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही.

दुसरी गोष्ट इथल्या हवेची. सगळ्यांना काम गणपतीच्या आधी हवं असतं, आणि नेमका तेव्हा आपल्याकडं पाऊस धरलेला असतो. खानापूरकडं तर भिंतीही ओल्या. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, पांढरट साय धरते. ती न धुता पुढचा हात मारला तर थर सुटतो. म्हणून आदल्या रात्री ओट्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवतो. सकाळी आतून घाम दिसला तर काम पुढं ढकलायचं. सणाच्या तोंडावर काकूंना हे सांगणं जड जातं, पण सांगतोच. डिसेंबरच्या थंडीत वेगळी अडचण: थर वाळायलाच उशीर लागतो.

ओतकामाला मात्र फार वेळ लागत नाही. पांढरा थर, त्यावर राखाडी शिरा, हीट गन फिरवून बुडबुडे काढायचे. दुसऱ्या दिवशी हात लावता येतो, पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा जातो. तोवर शेगडी पडवीत नाहीतर गॅलरीत.

काम देताना एक गोष्ट आम्ही घरच्या सगळ्यांसमोर सांगतो, विशेषतः भाकरी करणाऱ्या हाताला: "अक्का, भाकरीचा तवा चुलीवरनं उतरवून थेट ओट्यावर ठेवू नका." साधं इपॉक्सी तेवढी उष्णता सोसत नाही, मऊ होतं, ठसा उठतो. तिवई ठेवायची. भाजी पाटावर चिरायची, कारण सुरीचा ओरखडा राहतो. खिडकीतून कडक ऊन येत असेल तर पांढरा रंग हळूहळू पिवळसर होतो, हेही आधीच सांगतो. हे ऐकून काहीजण काम देत नाहीत. तो निर्णय त्यांचा, आणि तो पैसे देण्याआधी झालेला बरा.

चांगला ग्रॅनाइट असेल तर आम्ही स्वतःच नको म्हणतो. ग्रॅनाइट वरून दिलेल्या असल्या थरापेक्षा टणक. त्याला पॉलिश करा, कमी पैशात होईल.

आमच्याकडची पोरं हातमोज्यांशिवाय हार्डनरला हात लावत नाहीत. त्यानं कातडीला एकदा ॲलर्जी धरली की ती सुटत नाही, मग त्या पोराचा धंदाच बंद. खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याला तेवढे दिवस आजोळी पाठवा, असं आम्ही सांगतो.

आता निपाणी, चिकोडी, संकेश्वरहूनही बोलावणी येतात. कानडी घरांत धाकटा भाऊ बोलतो, त्याचं कानडी माझ्याहून चांगलं. खानापूर तालुक्यातली कामं दसऱ्यानंतरच घेतो. तोवर कुणाला ओटा दाखवायचा असेल तर येऊन बघून, थेंब टाकून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.