वारा पडला तेव्हा

गेली काही वर्षं मी मार्क-मेकिंग करतेय. झाडाचं चित्र काढायचं नाही, झाड कागदावर काय उमटवतं ते बघायचं. फांदीच्या टोकाला बारीक टोकाचं शाईपेन दोऱ्याने बांधते, खाली बोर्डावर कागद लावते आणि बाकीचं वाऱ्यावर सोडते. वारा असला की लांब वळसे येतात. थांबला की पेन एका जागी टेकून राहतं आणि ठिपका हळूहळू फुगतो.

नंतर मात्र टेबलाशी बसून मी त्या रेघा नीटनेटक्या करायचे. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांची शाई-पेन्सिलची रेषाचित्रं मनात घट्ट बसलेली. शेवटच्या वर्षांत आजाराने हाताचा ताबा सुटत चालला होता, तरी त्यांची रेघ ढळली नाही. तशी रेघ आपली असावी, हाच ध्यास होता.

त्या दिवशी बोर्डाचा स्टँड मोडला. बाबा झाडाखाली खुर्चीत बसले होते, म्हणून बोर्ड त्यांच्याच मांडीवर ठेवला. बाबांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात स्वस्थ ठेवला की जास्त कापतो. आम्ही घरातले सगळे त्या हाताकडे बघायचं टाळतो.

थोड्या वेळाने वारा पडला. एक पान हलत नव्हतं. मी पेन सोडवायला वाकले, तर कागदावर रेघा उमटतच होत्या. फांदी स्थिर, पेन स्थिर, आणि खालचा कागद हलत होता. बाबांचा हात बोर्डाच्या कडेवर पडलेला होता.

पार्किन्सन्सचा कंप साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, हे डॉक्टरांकडून ऐकलेलं. ते इथे डोळ्यांसमोर होतं. जेमतेम तांदळाएवढ्या रेघा, एकीला चिकटून दुसरी, मध्येच बाबांनी श्वास घेतला की सगळा पुंजका किंचित वर सरकलेला. आधीचे वाऱ्याचे वळसे त्या दाट पट्ट्यात येऊन शिरत होते. इतकी जिवंत खूण माझ्या हातून कधी झाली नव्हती.

"हललो गं मी. कागद वाया गेला का?"

"नाही बाबा. तुम्ही असेच बसा."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि बाबा आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच त्या हाताकडे मनसोक्त बघितलं.

तो कागद मी दुरुस्त केला नाही. तेव्हापासून कुठलाच करत नाही. आता आम्ही दोघं मिळून काम करतो. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वारा कसा होता ते, आणि बाबांनी गोळी किती वाजता घेतली तेही लिहिते. गोळीचा असर उतरत आला की पट्टा दाट होतो. ती चांगली लागू पडली आणि वाराही नसला, तर कागदावर फक्त एक ठिपका येतो. तो कागदही मी मालिकेत ठेवते.