बेडरूमची थंडी: हीटर किती वेळ, कोणत्या सॉकेटवर, किती युनिटांत

नाशिकला जानेवारीत दुपारी दोन वाजता अंगावर स्वेटर नको होतो आणि त्याच घरात पहाटे पाच वाजता गोधडीबाहेर पाय काढवत नाही. दुपारी पारा २७-२८ आणि पहाटे ९-१०. निफाडकडे तर एखाद्या वर्षी पाचच्याही खाली. पुणे, जळगाव, महाबळेश्वर इथेही आकडे थोडे इकडेतिकडे, पण तऱ्हा तीच. हीटर घ्यायच्या आधी हे लक्षात घ्यायला हवं, कारण काश्मीर किंवा हिमाचलसारखी दिवसरात्र चालणारी थंडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे दुपारी ऊब फुकट मिळते आणि रात्री ती भिंतींतून, स्लॅबमधून, फटींतून निघून जाते. स्वस्तात खोली उबदार ठेवायची तर आधी ही ऊब अडवायची. हीटर त्यानंतर.

ती जाते कुठे याचा हिशेब मांडू. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली, वरच्या मजल्यावर, दोन भिंती बाहेरच्या, एक ४ बाय ५ फुटांची साध्या काचेची खिडकी. बाहेर १० अंश, आत १८ ठेवायचे. नऊ इंची विटांच्या दोन भिंतींतून साधारण ३०० वॅट जातात, स्लॅबमधून २७०, खिडकीच्या काचेतून ८५ आणि दारंखिडक्यांच्या फटींतून निदान ९०. म्हणजे एकूण साडेसातशे वॅटच्या आसपास. हीच खोली मधल्या मजल्यावर असेल आणि एकच भिंत बाहेरची असेल, तर तोटा साडेतीनशेच्या आत येतो. खोलीतली नुसती हवा आठ अंशांनी तापवायला एक दशांश युनिटसुद्धा लागत नाही. मग हीटर तासभर चालूनही खोली गार का वाटते? कारण हवा तापते, पण भिंती, फरशी आणि स्लॅब थंडच असतात. ते हवेतली उष्णता शोषतात आणि आपल्या अंगाचीही ओढून घेतात. गार भिंतीला चिकटलेल्या पलंगावर झोपणाऱ्याला २० अंशांतही हुडहुडी भरते ती याच कारणाने. पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान अर्धा फूट सरकवा. जमलं तर आतल्या भिंतीकडेच न्या. याला पैसा लागत नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

सकाळी दहाच्या सुमारास ऊन चढलं की दक्षिण आणि पूर्वेकडचे पडदे सरकवून खिडक्या उघडायच्या. दुपारची गरम हवा खोलीत फिरू दे, ऊन फरशीवर पडू दे. साडेचार-पाचला, बाहेरची हवा गार व्हायच्या आधी, सगळं बंद. बहुतेक घरांत खिडक्या दिवेलागणीनंतर लावतात, तोवर दुपारची निम्मी कमाई गेलेली असते. पडदा जाड हवा आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा सगळीकडून निदान सहा इंच मोठा. खाली जमिनीपर्यंत आला तर उत्तम.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या खाली, खिडकीच्या रुळाजवळ, एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाजवळ धरा (पडद्यापासून जपून). धूर आडवा वळला की तिथून वारा येतोय. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत दोन काचा एकमेकींवर येतात तिथे केसाळ पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजते. फॅब्रिकेटर, म्हणजे अशा खिडक्या बनवणारा, ती फुटाच्या हिशेबाने बदलून देतो. दाराखाली दोन्ही बाजूंनी स्पंजाची नळी असलेला स्टॉपर लावा, नाहीतर जुन्या साडीची घट्ट वळकटी. जुन्या घरांतल्या काचपट्ट्यांच्या व्हेंटिलेटरला आतून फुग्यांचं प्लास्टिक चिकटवता येतं. मात्र खोलीला लागून गॅस गिझर असेल तर त्याच्या हवेच्या वाटा कधीही बुजवू नका.

आता अंथरूण. झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता देत असतो. ती अंथरुणात टिकली तर खोली १५ अंशांवर असली तरी झोप छान लागते. पांघरुणांवर पांघरुणं घालणारे लोक खालची बाजू विसरतात. जमिनीवर झोपत असाल तर सतरंजी, तिच्यावर गादी आणि चादरीखाली घोंगडी. कापसाची गादी आठवड्यातून एकदा उन्हात टाका. दमट झालेली गादी गार लागते.

त्याउपर इलेक्ट्रिक बेड वॉर्मर. चादरीखाली अंथरायचा, एका माणसाचा साधारण ६० वॅटचा, दोघांचा १०० ते १५०. झोपण्याआधी अर्धा तास मोठ्या बटणावर लावला आणि अंथरुणात शिरताना बंद केला, तर दुहेरी वॉर्मरलाही एक दशांश युनिटच्या आतच वीज लागते. रात्रभर ६० वॅटवर ठेवला तरी अर्धं युनिट. स्वस्त ऊब हवी असेल तर याच्या जवळपास येणारी दुसरी वस्तू नाही. तो घडी घालून ठेवू नका, आतली तार घडीवर तुटते, गुंडाळून ठेवा. चालू असताना त्यावर जड सामान नको आणि टाचण्या तर कधीच नकोत. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात वापरू नका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला वॉर्मर काय किंवा गरम पाण्याची पिशवी काय, चटका बसलेला कळत नाही. त्यांच्यासाठी अंथरूण आधी गरम करून ते झोपण्यापूर्वी दोन्ही काढून घ्या. पिशवीत उकळतं पाणी भरू नये, दोन-तृतीयांश भरून हवा दाबून काढावी आणि मग बूच लावावं.

एवढं करूनही खोली गार राहते, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे, तर हीटर लागेल. जागतिक आरोग्य संघटना थंडीच्या दिवसांत घरात निदान १८ अंश सुचवते, तेवढं लक्ष्य धरा. त्याहून जास्त कशाला हवं?

दुकानात 'हा हीटर वीज वाचवतो' असं सांगतात. कॉइल, हॅलोजन, सिरॅमिक किंवा ऑइल, कोणताही साधा विजेचा हीटर एका युनिटमागे तेवढीच उष्णता देतो, ८६० किलोकॅलरी. फरक पडतो तो उष्णता कशी मिळते यात. हॅलोजन आणि क्वार्ट्झचे हीटर समोरच्या वस्तूला तापवतात. आंघोळीनंतर मुलाला पुसताना किंवा टेबलाशी बसून काम करताना ४०० वॅटची एक कांडी पुरते. झोपेत मात्र ते नकोत. तापलेल्या कांडीवर पांघरुणाचं टोक किंवा नायलॉनची मच्छरदाणी पडली की पेट घ्यायला वेळ लागत नाही. फॅन हीटर खोली पटकन तापवतो, पण आवाज करतो, आणि जाळीत धूळ अडकली की हवा कमी होऊन आतला कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) त्याला वारंवार बंद पाडतो. जागेपणी पंधरा-वीस मिनिटांसाठी तो ठीक आहे.

झोपायच्या खोलीला ऑइल हीटरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलं तेल जळत नाही, संपत नाही, भरावं लागत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं. लाल तापलेला भाग उघडा नाही, आवाज नाही, उजेड नाही. तापायला वीसेक मिनिटं लागतात आणि बंद केल्यावर बराच वेळ ऊब देत राहतो. वरच्या हिशेबातल्या खोलीला ९ फिनचा (फिन म्हणजे त्याच्या उभ्या पोकळ पट्ट्या), २००० वॅटचा हीटर भरपूर झाला. १३ फिनांमुळे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त उष्णता मिळत नाही, पृष्ठभाग आणि वजन मात्र वाढतं. घेताना तीन गोष्टी बघा: आयएसआय चिन्ह, थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरावीक उबेला हीटर बंद-चालू करणाऱ्या भागाची, खटका देणारी साधी कळ आणि हीटर कलंडला की बंद करणारा स्विच. घरी आणल्यावर उभा ठेवा आणि थोडा वेळ थांबून मग लावा. आडवा करून आणलेला असेल तर तेल खाली बसायला हवं, कारण कॉइल तेलात बुडलेली असणं गरजेचं आहे. पहिल्यांदा खिडकी उघडून तासभर चालवा, रंगाचा वास निघून जातो. तापताना येणारा टकटक आवाज पत्रा प्रसरण पावल्याचा. त्याची काळजी नको. तेलाचा थेंब दिसला तर मात्र हीटर वापरातून काढायचा.

थर्मोस्टॅटच्या कळीवर अंश लिहिलेले नसतात, म्हणून बहुतेक जण ती शेवटपर्यंत फिरवून सोडून देतात आणि बिल तिथेच वाढतं. आधी पूर्ण फिरवा, खोली हवी तेवढी उबदार होऊ द्या, मग कळ हळूहळू मागे घ्या. 'टक' आवाज येऊन दिवा गेला की थांबा. त्या जागी पेनने खूण करा. तीन-चारशे रुपयांचा खोलीचा तापमापक उशाशी असला तर हे काम आणखी सोपं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वायरिंग. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. खोलीतला लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचा, आणि त्यामागे बहुधा दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर. बाजारात मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर मिळतो. हीटरसाठी तो वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण. मोबाइलच्या चार्जरसाठी घेतलेला एक्स्टेंशन बोर्डही नको, त्याची वायर बारीक असते आणि गुंडाळलेल्या अवस्थेत ती आणखी तापते. हीटर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावायचा, मागे निदान अडीचची वायर आणि चालू अर्थिंग हवं. बेडरूममध्ये एसीचा पॉइंट असतो, तो थंडीत मोकळाच असतो, पण सात फुटांवर. हीटरची वायर तिथवर जात नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून त्याच लाइनवरून खाली एक १६ अँपिअरचा सॉकेट काढून घ्या. एसीला बहुधा चारची वायर टाकलेली असते, तिला हा भार जड नाही. फक्त एसी आणि हीटर एकाच वेळी लावायचे नाहीत.

पहिल्या दिवशी हीटर अर्धा तास चालवून बंद करा, प्लग काढून पिना आणि सॉकेटची तबकडी हाताने तपासा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, करपल्याचा वास असेल किंवा भोकांभोवती तपकिरी डाग दिसत असेल तर आतली पकड सैल झाली आहे, सॉकेट बदला. हीटर आणि गिझर एकदम लावले की एमसीबी (भार वाढला की लाइन बंद पाडणारा स्विच) पडतो अशी तक्रार असते. गिझरही २००० वॅटचा असेल तर दोन्ही मिळून साडेसतरा अँपिअर होतात, एकाच १६ च्या लाइनवर असतील तर तो पडू शकतो, आणि पडला तर ते चांगलंच. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवू देऊ नका. मग एमसीबीच्या आधी भिंतीतली वायर जळते.

खर्च बिलावरूनच काढा. महावितरणचे घरगुती दरांचे स्लॅब, म्हणजे टप्पे, महिन्याला १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. हीटरची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर येतात, म्हणून तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबचा दर धरा, त्यात बिलावरचे वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. ३०० ओलांडलं की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो असा समज आहे, तो चुकीचा. वरच्या युनिटांनाच लागतो. हिशेबापुरते १२ रुपये धरू. थर्मोस्टॅट पूर्ण फिरवून, फटी उघड्या ठेवून आठ तास हीटर तापत राहिला तर १६ युनिट, म्हणजे १९२ रुपये रात्रीला. फटी बुजवून, थर्मोस्टॅट लावून तोच सात-आठ युनिटांत येतो. आणि झोपण्याआधी पाऊण तास, पहाटे पाऊण तास एवढाच लावला, मधली रात्र बेड वॉर्मरवर काढली, तर साडेतीन युनिट, ४२ रुपये.

पहाटेच्या फेरीसाठी १६ अँपिअरचा टायमर प्लग घ्या, १० चा नको. साध्या कळीचा ऑइल हीटरच टायमरवर चालतो. स्पर्शाच्या बटणांचा हीटर वीज आली तरी स्वतःहून सुरू होत नाही. हॅलोजन आणि फॅन हीटर टायमरवर लावू नयेत. हीटरच्या चहूबाजूंनी तीन फूट मोकळे ठेवा आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नका.

'हीटर ऑक्सिजन खातो' ही भीती निराधार आहे. घसा कोरडा पडतो तो वेगळ्या कारणाने: १० अंशांतली ७० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांवर नेली की आर्द्रता चाळिशीच्या खाली येते. उशाशी पाणी ठेवा, तापमान दोन अंश उतरवा. ऑक्सिजन खाते ती कोळशाची शेगडी, आणि तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही. निखारे विझत आलेले दिसले तरी शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही, एक रात्रसुद्धा नाही.

येत्या उन्हाळ्यात एसी घ्यायचाच असेल तर 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसीची किंमत जरूर विचारा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे आपल्या थंडीत एका युनिटमागे साधारण तिपटीने ऊब मिळते. मात्र रिमोटवर सूर्याचं चित्र आहे म्हणजे यंत्रात सोय आहे असं नाही. मॉडेलच्या माहितीपत्रकात हीटिंगची क्षमता वॅटमध्ये छापलेली आहे का, ते पाहूनच पैसे द्या.