बॅनक, पानगे आणि पऱ्हाटीचा जाळ

शेतावरच्या मोत्यानं माझा तिथला पहिला बॅनक हुंगला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो परत वांगी भाजत होती तिकडे जाऊन बसला. चूक त्याची नव्हती. वरून कोळसा आणि आत पिठाची लापशी, असा तो ऐवज होता.

हे खूळ भाच्यानं डोक्यात घातलं. तो कॅनडात कॅलगरीला असतो. सुट्टीत तंबू घेऊन रानात जातात तेव्हा तव्यावर बॅनक नावाची ही जाड रोटी करतात म्हणून त्यानं व्हिडिओ पाठवला. बॅनक मूळचा स्कॉटलंडचा. तिथे जवाच्या नाहीतर ओटच्या पिठाची चपटी भाकर सपाट दगडावर किंवा लोखंडी तव्यावर भाजत. फरच्या व्यापाराला गेलेल्या स्कॉटिश लोकांबरोबर ती कॅनडात पोचली. तिथल्या आदिवासींकडे कंदमुळांच्या आपल्या रोट्या आधीपासून होत्याच. पुढे त्यांना राखीव वस्त्यांत कोंडलं, रेशनमध्ये मैदा आणि चरबी हातात आली, आणि बॅनक घरोघरचा झाला. आता तिकडे तो आवडीनं खातात, पण त्यामागचं दुखणंही विसरत नाहीत, असं भाचा म्हणाला. हे ऐकल्यावर मला तो करून बघावासा वाटला. नुसत्या व्हिडिओवर मी उठलो नसतो.

डिसेंबरचा शेवट होता. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा रोज पेपरात छापून यायचे ते दिवस. आमची पाच जणांची टोळी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला निघाली होती. पण तो सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे चूल पेटवायची सोय नाही आणि नसावीच. म्हणून दिवसभर हेमाडपंती मंदिर आणि केदारकुंड बघून आम्ही संध्याकाळी अलीकडे मित्राच्या शेतावर उतरलो. भरताची वांगी आणलेली होतीच. खान्देशात हिवाळ्यात शेतावर जायचं आणि भरीत करायचं नाही म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परत यायचं.

कोरडा माल मी घरूनच डब्यात कालवून नेला होता. दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, तीन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ आणि तीन मोठे चमचे थिजलेलं तूप. तिकडे डुकराची चरबी घालतात; आपल्याकडे थंडीत तूप आयतंच घट्ट असतं. ते पिठात चोळून रवाळ करायचं. वितळलेलं तूप ओतलं तर तो खुसखुशीतपणा येत नाही, हे मला आधी कळलं असतं तर घरचा एक घाणा वाचला असता.

शेतावर पोचल्यावर मी उत्साहात पाणी घालून पीठ भिजवलं, आणि हात सवयीचे, त्यामुळे पोळीची कणीक तिंबतो तसं चांगलं दहा मिनिटं तिंबलं. मग ते झाकून चूल पेटवायला गेलो. दोन्ही चुकाच. पाणी लागलं की बेकिंग पावडर लगेच कामाला लागते. अर्धा तास पीठ तसंच ठेवलं तर निम्मा फुगवटा हवेत जातो. आणि तिंबलं की पिठाला चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, याला नको.

त्यात सरपण. बांधावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. कपाशी संपली की आमच्याकडे हेच फुकटचं सरपण. काडी लावली, भडभड जाळ झाला, मी खूश. बिडाचा तवा तीन दगडांवर ठेवला, पिठाचा दीड बोट जाडीचा गोळा थापला. तीन मिनिटांत खालून धूर. उलटवला, तोवर जाळ विझत आलेला. पुन्हा काड्या घातल्या, पुन्हा भडका. तो बॅनक मोत्यानं नाकारला.

मित्राच्या आईला आम्ही सगळे मायच म्हणतो. ती वांगी उलटवता उलटवता बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"हाई काय शे रे भो? भाकर का केक?"

मी सांगितलं. तिनं तो मोडून पाहिला.

"मझार कच्चं शे. पऱ्हाटीना जाय मोठा, पन इस्तो काहीच नही."

इस्तो म्हणजे निखारा. तेवढ्यात सगळं आलं. वांग्याला जाळच लागतो. साल करपली पाहिजे, धूर आत शिरला पाहिजे, आणि तेवढ्यासाठी पऱ्हाटीसारखं सरपण नाही. जाड रोटीला मात्र निखारा लागतो. मायनं मला गोठ्यामागून बाभळीची तीन-चार वाळकी लाकडं आणायला लावली. ती धरायला पाऊण तास लागला. पण नंतर जो लालभडक निखारा पडला तो जेवणं होईपर्यंत टिकला.

या वेळी निखारा तयार झाल्यावरच पाणी घातलं. तीन वाट्यांना सव्वा वाटीच्या आसपास लागलं. कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे भाच्याचं माप कमी पडलं. बोटांनी नुसतं गोळा केलं, वीस-पंचवीस सेकंद, खडबडीतच ठेवलं. निखारे पसरून वर एक वीतभर उंचीवर तळहात धरला. पाचपर्यंत मोजेस्तोवर सोसलं, म्हणजे आच ठीक. त्याआधीच हात मागे घ्यावा लागला तर निखारे बाजूला ओढायचे.

तव्याला तूप लावून गोळा थापला आणि हात आवरून बसलो. हेच सगळ्यात अवघड. सात मिनिटांनी कडेला बारीक भेगा पडल्या, पोट फुगलं, खालून बदामी रंग आला. आता तिकडची युक्ती: उलटवायचं नाही, तवाच निखाऱ्यांसमोर दगडाला टेकवून तिरपा उभा करायचा, म्हणजे वरची बाजू समोरच्या धगीनं भाजते. रोटी खाली घसरेल अशी मला भीती होती. पण बूड भाजून तव्याला हलकं धरलेलं असतं, घसरत नाही. दहा मिनिटांनी तवा फिरवून दुसरी कड धगीकडे केली. काडी टोचली, ती कोरडी बाहेर आली. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज.

काठीवरचा प्रकारही केला. पिठाची लांब वळी करायची आणि काठीला पीळ देत गुंडाळायची. एका मित्रानं उत्साहानं कडुनिंबाची फांदी तोडून आणली. रोटी दिसायला झकास, खायला कडूजहर. विहिरीजवळ कण्हेर होती, तिच्याकडे तर बघूही नका, ती विषारी. शेवटी दातणाला चालते ती बाभूळच घेतली. ओली फांदी, काटे छाटून, साल सोलून. ही रोटी मुलांना आवडेल. मला तासभर काठी फिरवत बसायचा कंटाळा आला.

तोवर मायनं उरलेल्या पिठातला गोळा उचलला आणि बांधावरच्या पळसाची पानं मागितली. दोन पानांच्या मध्ये गोळा थापला, वर पाण्याचा हात फिरवला आणि सरळ निखाऱ्याच्या कडेला, राखेत. हा पानगा. तवा नाही, काठी नाही. पान ओलं, त्यामुळे ते करपतं पण पेटत नाही, आतली वाफ आतच राहते. वरचं काळं पान सोलल्यावर रोटीवर पानाची शीर न् शीर उमटलेली होती, मधली जाड, मग तिच्या दोन्ही अंगांनी फुटलेल्या बारीक. तिच्या घरी पानग्याला नुसती जाडसर कणीक, ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन असतं. बेकिंग पावडरचा पानगा तिनं पहिल्यांदाच केला होता. हलका झाला होता, पण ओवा नाही म्हणून तिनं नाक मुरडलंच.

चव विचाराल तर गरम बॅनक तुपाशी उत्तम, गुळाशी त्याहून बरा. भरताशी मात्र जमला नाही. भरताचं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठसका पेलायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरीच हवी. बॅनक मऊ पडतो, मिरची त्याला खाऊन टाकते. वरण-बट्टीशी त्याची तुलना दोघांनी काढली, पण बट्टी कुस्करून तिच्यात वाटीभर तूप जिरवता येतं. बॅनकचा कुस्करा केला तर चिखल होतो, करून पाहिलाय.

निघताना निखाऱ्यांवर दोन बादल्या पाणी ओतलं, काठीनं उकरून पुन्हा ओतलं. आजूबाजूला वाळलेलं गवत, वारा सुटलेला. माय तोपर्यंत दारात उभी होती. हातात डबा, डब्यात उरलेलं भरीत.

"पुढल्या बारीले ओवा लई ये," ती म्हणाली.